करंज्या तळण्याआधी एक अध्याय

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे लूकने सांगितलेल्या येशूच्या जीवनकथेत, 24 अध्याय आहेत. नाताळच्या तयारीत 1 डिसेंबरपासून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एकेक अध्याय मोठ्याने वाचा, 24 तारखेला शुभवर्तमान पूर्ण होतं. करंज्या, खरेदी, चांदणी लावणं, सगळं त्या दिवसाचा अध्याय झाल्यानंतर. वाचायला मुलांनाच बसवा, अडखळली तरी चालेल. येशूच्या जन्माची कथा दुसऱ्याच दिवशी येते आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण पुनरुत्थानापर्यंत, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठतो तिथपर्यंत, पोहोचलेले असतो. गव्हाणीतलं बाळ कोण आहे, हे तेव्हा फार खोलवर जाणवतं. घरात येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा सजवला असेल तर गव्हाणी तोवर रिकामीच ठेवा. मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) घरी आल्यावर, केक कापण्याआधी, दुसऱ्या अध्यायातली पहिली 20 वचनं पुन्हा वाचा आणि मग घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हातून बाळ येशूला गव्हाणीत ठेवा.