‘टोस्टी’ कधी, ‘बॉइलिंग’ कधी? उबेच्या इंग्रजी शब्दांत या चुका टाळा

मराठीत ऊब वेगळी आणि उकाडा वेगळा. गोधडीत ऊब असते, मे महिन्यातल्या भरल्या एसटीत उकाडा. यांची अदलाबदल आपण कधीच करत नाही. इंग्रजी बोलताना मात्र दोन्हीला ‘हॉट’ नाहीतर ‘वॉर्म’ लावून मोकळे होतो आणि घोळ होतो.

सर्वांत जास्त घोळ ‘टोस्टी’चा. भाजलेल्या पावावरून आलेला हा शब्द सुखाचा आहे. बाहेर गारठा हवा आणि आत आपण उबेत. जाड मोजे घातलेले पाय टोस्टी, हीटर लावलेली खोली टोस्टी. ‘नागपूर इज टोस्टी इन मे’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला एकतर तिथे छान हवा असते असं वाटेल किंवा तुम्ही गंमत करताय असं. तिथे ‘रोस्टिंग’, ‘बेकिंग’ किंवा ‘बॉइलिंग’च हवं.

आता ‘आय अ‍ॅम बॉइलिंग’ ऐकून थर्मामीटर बघू नका. ब्रिटनमध्ये पारा तिशीला टेकायच्या आतच लोक हे म्हणतात. तिथला आजवरचा उच्चांक ४०.३ अंश, १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला नोंदलेला. चंद्रपूरकराला तो मे महिन्यातला नेहमीचा दिवस वाटेल. म्हणजे हे शब्द अंशांवर ठरत नाहीत, अंगाला काय वाटतं त्यावर ठरतात.

म्हणूनच साधा ‘वॉर्म’ही फसवतो. माझी भाची लीड्सला शिकायला होती. मैत्रीण थंडीतून येणार म्हणून तिने प्रेमाने हीटर वाढवून ठेवला. मैत्रीण आत आली आणि म्हणाली, ‘इट्स अ बिट वॉर्म इन हिअर, इझंट इट?’ भाची खूश होऊन ‘थँक यू’ म्हणाली. मैत्रिणीने स्वेटर काढला, खिडकीपाशी गेली, कडीवर हात ठेवून थांबली. तेव्हा भाचीच्या लक्षात आलं. ‘अ बिट’ जोडलं की वॉर्म म्हणजे बहुतेक वेळा तक्रार. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हटलं तर कौतुक.

‘आय अ‍ॅम हॉट’ उकडतंय या अर्थाने चालतं, ओळखीच्यांत तर सर्रास. पण ताप आलेल्या सहकाऱ्याच्या कपाळाला हात लावून ‘यू आर हॉट’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘तू मादक दिसतोस’ असा होतो. ‘यू फील हॉट’ म्हणा. स्वतःला कणकण असेल तर ‘माय बॉडी इज हॉट’ नको, ‘आय हॅव अ टेंपरेचर’ म्हणा.

‘बामी’ बाहेरच्या सौम्य, सुखद हवेसाठी. खोलीला किंवा अंथरुणाला तो लावू नये, तिथे ‘कोझी’ किंवा ‘स्नग’. मुंबईच्या जूनमधल्या चिकचिकीला ‘मगी’ अगदी फिट बसतो. ब्रिटिश माणूस अशाच हवेला ‘क्लोज’ही म्हणतो.

‘ल्यूकवॉर्म’ म्हणजे कोमट. आंघोळीच्या पाण्याला चालेल, पण स्वागताला लावलात तर ते थंड झालं असा अर्थ होतो. आणि आपल्या ऊन ऊन वरणभाताला नुसतं ‘हॉट’ म्हटलं तर समोरचा ‘तिखट आहे का?’ विचारेल. तिथे ‘पायपिंग हॉट’ म्हणा, म्हणजे ताटातली वाफ त्याच्याही डोळ्यांसमोर येईल.