अद्भुत चित्रपटाची ओढ नेमकी कशात आहे, हे कसे तपासावे

सुटीच्या दिवसांत एखाद्या वाचनालयात, महाविद्यालयात किंवा सोसायटीच्या सभागृहात राक्षस, मायावी वने आणि आकाशातून जाणारी विमाने असलेला चित्रपट लावला, तर लहान मुलांबरोबर त्यांचे आजी-आजोबाही शेवटपर्यंत बसून राहतात. याचे श्रेय बहुतेक जण खर्चिक दृश्यांना देतात. मला ते पटत नाही. पडद्यावरील अद्भुत गोष्ट कोणाच्या नजरेने दाखवली आहे आणि ती कोणत्या मर्यादेत चालते, यांवर प्रेक्षकाचे गुंतणे अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. शिक्षकांना, चित्रपट मंडळाच्या कार्यकर्त्यांना किंवा चित्रपटांवर लिहू इच्छिणाऱ्यांना हे स्वतः पडताळून पाहता यावे, म्हणून पुढील पद्धत सुचवतो.

सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी, याचे उत्तर नाशिककरांना दूर शोधावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला, 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपले काम नाशिकला आणले आणि 1944 मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. येथील हिंदुस्थान फिल्म कंपनीसाठी त्यांनी केलेला ‘कालिया मर्दन’ हा 1919 चा मूकपट या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण त्याचा मोठा भाग आजही उपलब्ध आहे, त्यात संवाद नसल्यामुळे सर्व वयाचे प्रेक्षक तो सारख्याच तयारीने पाहू शकतात आणि भारतीय कायद्यातील चित्रपटांसाठीची 60 वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. अलीकडचा चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवायचा असेल, तर मात्र हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी. प्रेक्षकांत तीन पिढ्या असाव्यात आणि चित्रपट शक्यतो भिंतीवर किंवा मोठ्या पडद्यावर दाखवावा. मोबाईलवर एकट्याने पाहणाऱ्याला शेजारच्याचा रोखलेला श्वास ऐकू येत नाही.

पहिल्या वेळी आपण पडद्याकडे कमी आणि प्रेक्षकांकडे अधिक पाहावे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला भाव, विस्मय सांगितला असून डोळे विस्फारणे, पापणी न लवता पाहत राहणे, रोमांच, अश्रू, घाम आणि हर्ष ही त्याची बाह्य लक्षणे दिली आहेत. हीच लक्षणे समोर ठेवून, ती कोणत्या प्रसंगी कोणामध्ये दिसली, याची त्रोटक नोंद करावी. अंधुक उजेडात एवढेही पुरे होते, कारण कुजबुज थांबण्याचा क्षण कानांना कळतोच.

दुसऱ्या वेळी नोंदवलेल्या प्रसंगांची मांडणी तपासावी, आणि येथे मुळीच घाई करू नये. फाळके जादूचे प्रयोग शिकलेले होते; फ्रान्समध्ये 1902 साली पडद्यावर माणसांना चंद्रावर पोहोचवणारा जॉर्ज मेलिएसदेखील मुळात जादूगारच होता. प्रेक्षकाची नजर केव्हा कोठे न्यावी, हे जादूगाराला आधी शिकावे लागते. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी पडद्यावर येऊन चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते आणि मग तिच्या जागी कृष्ण दिसू लागतो. ही एक मुलगी आहे, हे प्रेक्षकाला उघडपणे सांगितलेले असते, तरीही पुढे तो तिला कृष्ण मानतो. म्हणजे फसवले जाणे ही विस्मयाची अट नाही. डोहातील झुंज चालू असताना चित्र पुन्हा पुन्हा काठावरच्या व्याकूळ गोकुळवासीयांकडे वळते. आपल्या नोंदींतील शांततेचे क्षण नागाच्या दर्शनाशी जुळतात की काठावरच्या चेहऱ्यांशी, हे ताडून पाहावे. माझ्या मते चेहऱ्यांचे पारडे जड असते, कारण अद्भुताचे वजन आपल्याला ते पाहणाऱ्या माणसावरूनच कळते.

प्रभात कंपनीच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये हेच आणखी पक्के दिसते. त्यात तुकोबांना नेण्यासाठी विमान येते, परंतु ते दृश्य मनात उतरते ते त्यांच्या पत्नी जिजाईमुळे. घरात दाणा नाही म्हणून चिडणारी, आजारी मुलाला घेऊन हातात पायताण धरून देवालयात जाणारी ही बाई चित्रपटभर जमिनीवर उभी असते. तिचा संसार खरा वाटल्यावर आकाशातले विमानही खरे वाटू लागते.

त्यानंतर चित्रपटातील मायेचा नियम एका वाक्यात लिहून पाहावा: ही शक्ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही? पंचवटीत सांगितल्या जाणाऱ्या कथेत लक्ष्मणरेषा सीतेचे रक्षण करते, पण ती ओलांडेपर्यंतच. या एका अटीमुळे श्रोत्याचे सारे लक्ष सीतेच्या पावलाकडे लागते. रेषेने हवे तेव्हा हवे ते केले असते, तर त्या पावलाची धास्ती कोणालाच वाटली नसती. आजच्या अनेक भव्य चित्रपटांत प्रत्येक संकटात नायकाला नवी शक्ती लाभते आणि उत्तरार्धात मुले खाऊच्या पुड्यांकडे वळतात, त्याचे कारण मला येथेच दिसते.

नियमापाठोपाठ इच्छा शोधावी. भरताने विस्मयाच्या कारणांत विमान, माया आणि इंद्रजाल यांच्याबरोबर मनोरथ पूर्ण होण्याचाही उल्लेख केला आहे. कांचनमृगाची मोहिनी त्याच्या सोनेरी कातड्याइतकीच सीतेच्या हव्यासात आहे.

चर्चेच्या वेळी ‘चित्रपट आवडला का?’ असे विचारू नये. त्यावर सगळे होकार देतात आणि बोलणे संपते. ‘ही शक्ती मिळाली, तर आधी कोणासाठी वापराल?’ किंवा ‘कोणत्या क्षणी भीती वाटली, आणि कोणाच्या वतीने?’ असे विचारावे. मुलांना आधी बोलू द्यावे, कारण वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगून टाकला की मुले तोच अर्थ पुन्हा सांगतात. ज्येष्ठांची उत्तरे वेगळ्या कागदावर घ्यावीत. शेवटी दोन्ही कागद प्रसंगवार शेजारी ठेवून, एकाच प्रसंगी दोन्ही पिढ्या कोठे थबकल्या, तेथे खूण करावी आणि पुढील चित्रपट निवडताना त्याच प्रसंगाशी साधर्म्य असलेला चित्रपट घ्यावा.