पाणलोटाची सहल: या चुका टाळा

पावसाळा सरायला आला की शिक्षकांचे फोन सुरू होतात. "मुलांना पाणलोट दाखवायचाय, पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर नेऊ ना?" नका नेऊ. निदान सुरुवात तरी तिथून नको. पाणलोट म्हणजे ज्या उतारांवर पडलेलं पाणी एकाच ओढ्याला किंवा नदीला येऊन मिळतं, तो सगळा भाग.

ही चूक मी स्वतः केलीय. पहिल्या वर्षी सातवीची ४२ मुलं बसमध्ये कोंबून खडकवासल्याच्या चौपाटीवर उतरवली. वारा खाऊन झाला, कणसं खाऊन झाली. परतताना विचारलं, "धरणात पाणी कुठून येतं?" मागच्या सीटवरून उत्तर, "पानशेतहून." "आणि पानशेतला?" जरा शांतता. मग, "वरसगावहून, बाई!" धरणामागे धरण लावत गेली पोरं. डोंगर कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण मी तो दाखवलाच नव्हता.

आता मी पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर सुरुवात करते. माथ्यावर उभं राहायचं: एका अंगाला पाषाण, दुसऱ्या अंगाला कोथरूड. पाषाणच्या बाजूचं पाणी रामनदीत जातं आणि औंधच्या बाजूला मुळेला मिळतं. कोथरूडकडचं मुठेत. वीतभर अंतराने पडलेले दोन थेंब वेगळे होतात ते थेट संगमावर भेटतात. पुढे भीमा, मग कृष्णा. "शेवटी कुठल्या समुद्रात?" यावर सगळा वर्ग "अरबी!" म्हणून ओरडतो. ओरडू द्या. बंगालचा उपसागर हे उत्तर तिथल्या तिथे सांगून टाकू नका, घरी नकाशात बोट फिरवून शोधू दे. बाईंनी सांगितलेलं उत्तर बसमध्येच राहतं.

याच टेकडीवर एकदा माझी फजिती झाली. जानेवारी महिना. उतार दाखवायला मोठ्या ऐटीत बाटली ओतली, तर पाणी जागच्या जागी गायब. पोरं खिदळली. मी घाईघाईने दुसरी बाटली मागवली, तेवढ्यात एकजण म्हणाला, "बाई, ते मुरलं." माझ्या तयारीत नसलेला धडा त्याने घेतला. तेव्हापासून दोन बाटल्या मुद्दाम नेते. एक गवतात, एक पायवाटेच्या घट्ट झालेल्या मातीवर. वाटेवरचं पाणी पळतं, तांबडं होऊन. धूप म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. एका सकाळी टेकडी, तलाव, नदी आणि सांडपाणी प्रकल्प उरकणाऱ्यांना यातलं काही दिसायचं नाही. त्यांचे फोटो मात्र छान येतात.

आता जिवाची गोष्ट. "इथे पाऊस नाही, उतरू या ओढ्यात" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. ओढ्याला पूर वरच्या पावसाने येतो. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने सहकारनगर, पद्मावतीच्या भागात काय केलं ते पुण्याला ठाऊक आहे. तारीख पुन्हा वाचा, सप्टेंबर संपत आला होता. माझा नियम: वरच्या डोंगरावर काळं दिसलं किंवा पाणी अचानक गढूळ होऊन काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, की मुलं काठाच्या वर. चर्चा नंतर. एकदा यावरून एक सहशिक्षक चिडले, "सहल वाया गेली" म्हणाले. जाऊ दे वाया.

बाकीच्या चुका किरकोळ. रिकाम्या जागा भरायचे छापील तक्ते: मुलं तक्त्याकडे बघतात, ओढ्याकडे नाही. कोरी वही पुरते. दगड उलटा करून खेकडा बघितला तर दगड होता तसाच ठेवायला लावा. नुसतं "नीट ठेवा" म्हणून भागत नाही, मी उभी राहते. सहलीच्या शेवटी घाईघाईत चार रोपं खोचून वृक्षारोपण करू नका, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? आणि शहरातल्या ओढ्यात हात घालायचा नाही, कुणीतरी घालणारच. साबण आणि पाण्याचा कॅन स्वतःच्या पिशवीत ठेवा. शाळेकडून येईल म्हणून थांबलात, तर पोरं त्याच हातांनी डबे उघडतात.