दोघांची टर्की: हाक एकाची, बंदूक दुसऱ्याची

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाकारा असतो. डबे बडवत रान उठवायचे आणि जनावर मचाणाकडे रेटायचे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात वसंतातल्या टर्कीला, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याला, असे रेटणे बेकायदा आहे, दबकत तिच्या मागावर जाणेही. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचे. आला तर आला. एकट्यालाही हे जमते, पण दोघे असले तर पारडे थोडे आपल्याकडे झुकते. कारण आवाज नेमका कोणत्या झाडाखालून आला हे नराला कळते आणि येताना त्याची नजर तिथेच रोखलेली असते. त्या झाडाखाली बंदूक नसली म्हणजे झाले.

पहिल्या वर्षी आम्ही दोघे मित्र एकाच झाडाला टेकून बसलो होतो. हाक मीच देत होतो आणि बंदूकही माझ्याच गुडघ्यावर. नर आला, माझा हात हललेला पाहिला आणि निघून गेला.

आधीची तयारी

परवाना दोघांनीही काढावा. पहिल्यांदाच शिकार करणाऱ्याला सुरक्षिततेचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. हंगाम १ मेच्या आसपासच्या शनिवारी सुरू होतो. सुरुवातीचे आठवडे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच शिकार करता येते. मारायचा तो फक्त दाढीवाला पक्षी. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ, केसांसारखा झुपका. इतर राज्यांचे नियम वेगळे असतात, ते दरवर्षी नव्याने वाचावेत.

रायफल चालत नाही. छऱ्यांची बंदूक लागते, बहुधा बारा बोअरची. ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे वापरतात. हंगामाआधी ३५-४० यार्डांवर कागद लावून बार काढावा आणि डोक्यामानेएवढ्या जागेत किती छर्रे बसतात ते मोजावे. चाळीस यार्डांपलीकडे बार टाकू नये. पक्षी जखमी होऊन झुडपात शिरला तर सापडत नाही.

कपडे झाडोऱ्याच्या रंगाचे, तोंडावर जाळी, हातमोजे. लाल, पांढरे, निळे काहीही अंगावर नको, खिशातला रुमालसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे हेच रंग आणि रानात दुसरेही शिकारी असतात. हे रंग गोव्यामार्गे थेट मोगल दरबारात पोचले होते. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या पक्ष्यांत टर्की होती. तिचे डोके कधी प्रवाळासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी फिरोजी दिसते, असे जहांगीरने लिहून ठेवले आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचे चित्र काढून घेतले. बादशहाला ज्याची गंमत वाटली, त्याच रंगाचा मोजा पॅंटखाली डोकावला तर जिवावर बेतू शकते.

गोचिडांपासून जपा. पायमोज्यांत पॅंट खोचा आणि घरी येऊन अंग तपासा.

आदली संध्याकाळ

टर्की रात्री झाडावर झोपते. सूर्यास्ताच्या सुमारास टेकाडावर उभे राहून घुबडासारखे घुमा. नराला राहवत नाही, तो दचकून ओरडतो. झाड हेरून गुपचूप परत फिरा.

पहाटे कुठे बसायचे

अंधार असतानाच त्या झाडापासून शंभरेक यार्डांवर पोचा. बंदूकवाल्याने खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे, बंदूक गुडघ्यावर. हाक देणारा त्याच्या मागे वीस ते चाळीस यार्डांवर, तोही बुंध्याला टेकून. बसण्याआधी एक गोष्ट तोंडाने बोलून पक्की करा: बार फक्त पुढच्या अमुक दोन झाडांमधल्या पट्ट्यात. नर वळसा घालून मागे आला तर तो जाऊ द्यायचा. यावर वाद घालणाऱ्या जोडीदाराबरोबर मी रानात जात नाही.

हाक

मादीचा आवाज काढायला घासून वाजवायची लाकडी डबी किंवा स्लेटची पाटी नवख्याला सोपी. तोंडात धरायच्या पडद्याला सराव लागतो. उजाडताना दोनचार हळू सूर पुरेत. नराने उत्तर दिले की गप्प बसा. इथेच बहुतेकांचा हात आवरत नाही.

खरी पंचाईत पुढे येते. नर साठेक यार्डांवर थबकतो, पिसारा फुलवतो, फेऱ्या मारतो, पण पुढे सरकत नाही. त्याच्या जगात मादीने नराकडे जायचे असते, म्हणून तो तिची वाट पाहतो. जोडीदाराचा उपयोग याच क्षणी. आड असेल, नराच्या नजरेत येणार नाही अशी खात्री असेल, तर हाक देणाऱ्याने सावकाश आणखी मागे सरकावे आणि लांबून, पाठमोरे होऊन एक हाक द्यावी. मादी निघून चाललीय असे वाटून नर पुढे येतो आणि वाटेत बंदूकवाला बसलेला असतो. सरकायचे ते सरळ मागेच, बाजूला कधीही नाही. मध्येच तिसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका. माणसासारखे मोठ्याने बोला.

बार

फुललेल्या नराची मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. मागच्याने एक तुटक ‘टक्’ काढली की तो मान उंचावतो. नेम डोक्यामानेच्या सांध्यावर. दाढी आणि पक्ष्यामागची जागा स्पष्ट दिसल्याशिवाय चापावर बोट नको.

पक्षी पडला की बंदूक रिकामी करा आणि जोडीदाराला हाक मारून मगच उठा. टॅग, म्हणजे शिकारीची नोंद करायची चिठ्ठी, तिथेच भरून पक्ष्याला बांधा. उचलून नेताना पक्ष्यावर नारिंगी कापड गुंडाळा, नाहीतर तुमच्या खांद्यावरचा नर दुसऱ्या कुणाला चालताबोलता दिसेल.

आठ-दहा किलोंचा नर दोन घरांना पुरतो. छातीचे मांस पटकन शिजते. तंगड्या मात्र गावठी कोंबड्यापेक्षा चिवट, त्यांना कांदाखोबऱ्याचे वाटण लावून मंद आचेवर दुपारभर ठेवावे लागते. आमच्यात तंगड्या हाक देणाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि दुसऱ्या दिवशी बंदूकही.