परसबागेतला रब्बी कांदा आणि दारच्या कोंबड्या

परतीचा पाऊस ओसरून सोयाबीनच्या राशी झाल्या, की मराठवाड्यात परसबागेतल्या रब्बी कांद्याची तयारी सुरू होते. ज्यांच्या दारात चार-सहा गावरान, गिरिराज किंवा वनराज कोंबड्या आहेत, त्यांनी वाफ्यांची आखणी करण्याआधीच एक गोष्ट पक्की ठरवावी: बी टाकलेल्या किंवा रोपे लावलेल्या वाफ्यात कांदा काढून होईपर्यंत कोंबडी जाणार नाही. कांद्याला कोंबडीचा उपयोग मोठा आहे, पण तो लागवडीपूर्वी आणि काढणीनंतर. मधल्या काळात ती पात फारशी खात नसली, तरी भुसभुशीत, ओलसर मातीत उकरण्याची आणि धुळीत लोळण्याची तिची सवय उथळ मुळांच्या या पिकाला सोसत नाही.

रोपासाठी बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाकावे. फार लवकर टाकल्यास रोपे थंडीपूर्वीच जाड होतात आणि पुढे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात. एन-२-४-१, भीमा शक्ती किंवा भीमा किरण हे वाण रब्बीसाठी आणि साठवणीसाठी चांगले आहेत. खरिपाचे उरलेले बी मात्र वापरू नये. दहा चौरस मीटर लागवडीला पाच-सहा ग्रॅम ताजे बी पुरते, कारण एका ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० दाणे असतात. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे १५ सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यावर, दोन ओळींत पाच ते सात सेंटिमीटर अंतर ठेवून बी पेरावे आणि उगवण होईपर्यंत वाफा वाळल्या गवताने झाकावा. नेमके हेच गवत कोंबड्यांना ओढून आणते, म्हणून वाफ्यावर पहिल्या दिवसापासून जाळी हवी. औषध लावलेले बी उरले तर ते अंगणात सांडू देऊ नये किंवा धान्यात मिसळू देऊ नये. ते खोल पुरावे, कारण थायरमसारखे बुरशीनाशक कोंबडीला विषारी असते.

रोपे वाढतात तोवरचा सहा-सात आठवड्यांचा काळ कोंबड्यांचा आहे. मुख्य वाफ्याची जागा खणून ढेकळे फोडावीत आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत त्यांना तिथे रोज मोकळे सोडावे. हुमणीच्या अळ्या, वाळवी आणि मातीतले कोष त्या ज्या चिकाटीने वेचतात, ते काम कोणतीही फवारणी करत नाही. या दिवसांत पडलेली विष्ठा एप्रिलमधल्या काढणीच्या चार महिने आधीची असते. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण ताज्या विष्ठेत साल्मोनेलासारखे रोगजंतू असू शकतात आणि कांदा आपण बहुधा कच्चाच खातो. याच कारणाने विष्ठा पाण्यात कालवून उभ्या पिकाला घालण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही, मग पात कितीही काळोखी धरो.

खुराड्यातले खत द्यायचे असेल, तर ते पूर्ण कुजलेलेच द्यावे. खुराड्यात सोयाबीनचे भुसकट किंवा भुईमुगाची टरफले अंथरली, तर विष्ठेतील नत्र त्यात धरले जाते आणि दुर्गंधीही कमी होते. हे अंथरूण काढून, त्यात आणखी भुसकट मिसळून, ओलसर ढीग लावावा आणि दर पंधरवड्याला वरखाली करावा. दोन-तीन महिन्यांनी ढीग आतून थंड लागला आणि अमोनियाचा उग्र वास जाऊन मातीचा वास आला, म्हणजे खत तयार झाले. डिसेंबरच्या लागवडीसाठी हा ढीग सप्टेंबरमध्येच लागायला हवा होता. ज्यांचा राहिला असेल त्यांनी यंदा जुने शेणखत चौरस मीटरला दीड-दोन किलो द्यावे आणि हिवाळ्यातले अंथरूण खरिपासाठी कुजवावे. कुजलेले कोंबडीखत चौरस मीटरला पाऊण किलोपेक्षा अधिक देऊ नये आणि तेही लागवडीपूर्वीच मातीत मिसळावे. लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावर नत्र मिळत राहिले, तर माना (पात कांद्याला जुळते तो भाग) जाड राहतात, जोड कांदे वाढतात आणि साठवणीत कांदा लवकर सडतो.

डिसेंबरच्या मध्यापासून १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर रोपे लावून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लागवडीनंतरचे हलके पाणी, द्यावी. लागवडीआधीच चार-साडेचार फूट उंच जाळीचे कुंपण हवे आणि जाळीचा खालचा काठ मातीत दाबलेला हवा. नुसत्या बोरी-बाभळीच्या काट्यांतून पिल्ले सहज आत शिरतात. वाफ्यापासून लांब, उन्हाच्या कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख टाकून कोंबड्यांना लोळायला जागा करून दिली, तर कुंपणावरचा त्यांचा रोख बराच कमी होतो.

फेब्रुवारीत ऊन वाढते तसे फुलकिडे वाढतात आणि पातीवर पांढुरके चट्टे दिसू लागतात. घरच्या वाफ्याला पाच टक्के निंबोळी अर्क बहुधा पुरतो: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावा. रासायनिक कीटकनाशक मारावेच लागले, तर फवारलेले तण उपटून कोंबड्यांपुढे टाकू नये.

निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. पाणी त्याआधी पंधरा दिवस तोडावे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्याने सोसली आहे, तेव्हा आभाळ दिसताच झाकता येईल एवढी ताडपत्री हाताशी असावी. काढलेला कांदा तीन दिवस पातीखाली सुकवून, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापावा आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवावा. हा कांदा खुराड्यात किंवा त्याच्या माळ्यावर ठेवू नये, कारण तिथली दमट हवा त्याला सडवते.

काढणी झाल्यावर कुंपण उघडावे, पण त्याआधी चिंगळ्या (बारीक राहिलेले कांदे), कापलेली पात आणि सडके कांदे शेवटपर्यंत वेचून घ्यावेत. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तुरा फिका पडतो, कोंबडी मरगळते आणि भरपूर खाल्ल्यास दगावतेही. खरकट्यातला एखादा तुकडा घातक नसतो, मात्र पातीचा भारा किंवा टाकाऊ कांद्याची पाटी खाद्य म्हणून कधीच देऊ नये. काळी बुरशी चढलेले कांदे तर कोंबड्यांना उकरता येणार नाहीत अशा खड्ड्यात टाकून वर वीतभर माती लोटावी.