रविवारचा पाट आणि मटकीची उसळ

एक वाटी मटकी शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. रविवारी इंचभर मोड येतात.

सकाळी कपडे साबणात भिजत टाकले की लाकूड हाती घ्या. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवानी फळी आणा: 18 बाय 12 इंच, जाडी 1 इंच. खालच्या दोन पट्ट्या 11 इंच लांब, 2 इंच रुंद, 1 इंच जाड.

पाट तडकतो तो इथेच. पुण्यात मे महिन्यात लाकूड सुकून आक्रसतं, जुलैत आडवं फुगतं. पट्ट्या फेविकॉलने चिकटवल्या तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती लाकडाच्या रेषेवर (तंतू धावतात त्या दिशेने) उकलते. म्हणून फक्त 40 मिमीचे स्क्रू, वॉशरसह. पट्टीत मधलं भोक गोल. टोकाची दोन कानशीने पट्टीच्या लांबीत 10 मिमीपर्यंत लांबट करा. फळीत 3 मिमीचं भोक आधी पाडा, पण 15 मिमीपेक्षा खोल नको. ड्रिलच्या पात्याला तेवढ्यावर टेप गुंडाळा.

पॉलिश पेपर 80, 120, मग 220 नंबरचा, रेषेच्या दिशेनेच.

आता कपडे पिळून वाळत घाला, उसळ फोडणीला टाका. शिट्टी नको, मोड विरघळतात. झाकणावर पाणी ठेवून 15 मिनिटं पुरतात. गोडा मसाला, गूळ, आमसूल शेवटी.

दुपारी पाटाला जवसाचं तेल पातळ चोळा, अर्ध्या तासाने जादाचं पुसा. ते फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतं! बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा.