नेचे (फर्न) ओळखायचे तर पानाची मागची बाजू बघा

पावसात ठाण्याच्या येऊरच्या जंगलात गेलं की सगळे नेचे सारखेच दिसतात, आणि आपण फोटो काढतो तो नेमका वरून, ज्याचा ओळखायला फारसा उपयोग नाही.

१. पान हळूच उलटं करून मागचे तपकिरी ठिपके टिपा, ती कीड नाही, बीजाणूंच्या (नेच्याच्या बियांसारख्या बारीक कणांच्या) पिशव्यांचे पुंजके असतात. नेच्यांच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतात: हंसराजात ते दुमडलेल्या कडेखाली लपलेले, टेरिसमध्ये कडेने सलग रेघ, नेफ्रोलेपिसमध्ये सुटे गोल ठिपके.
२. देठाच्या बुडाचा एक फोटो, खवले की केस ते कळतं.
३. जमिनीवर, दगडावर की झाडावर, तेही लिहून ठेवा.

कोवळ्या पानावर ठिपके नसतात, जुनं पान शोधा. आणि उपटू नका हं, येऊर संजय गांधी नॅशनल पार्कात येतं.